पेटीवरचं नाव आणि आतला आंबा

जुलै महिना. जेवणाची ताटं बाजूला सारून टेबलावर लॅपटॉप उघडलेला. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायची उद्या शेवटची तारीख. मुलगी म्हणते, "मला कॉम्प्युटरच हवंय." बाबा म्हणतात, "अगं, पण तिथे मेकॅनिकल मिळतंय. नाव बघ त्या कॉलेजचं!" आजी आतल्या खोलीतून विचारते, "आणि ते दुसरं कुठलं म्हणालीस? कधी ऐकलं नाही बाई." मग या विषयातलं ज्याला कळतं असा सगळ्यांचा समज असतो, त्या काकाला फोन लागतो. चार-पाच घरांचा तो काका मी आहे. प्रश्न दरवर्षी तोच असतो: नावाला खरंच किती अर्थ असतो?

"नावातच सगळं आहे" म्हणणारे भेटतात, "नावात काय ठेवलंय" म्हणणारेही भेटतात. दोघांकडे आपापल्या भाच्या-पुतण्यांची उदाहरणं तयार असतात. आपण जरा शिस्तीनं जाऊ. आधी नाव म्हणजे काय ते पाहू, मग ते काम कसं करतं, कुणासाठी करतं आणि किती दिवस करतं ते पाहू. फॉर्म शेवटी भरू.

१. नाव नेमकं कुणाचं?

पदवीच्या कागदावर नाव असतं विद्यापीठाचं, पण लोक विचारतात, "कॉलेज कुठलं?" या गुंत्याचं मूळ १८५७ सालात आहे. त्या वर्षी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली, ती तेव्हाच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. विद्यापीठानं अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची; शिकवायचं काम कॉलेजांचं. मुंबई विद्यापीठाचा स्वतः शिकवणारा समाजशास्त्र विभाग सुरू झाला तो थेट १९१९ साली, म्हणजे स्थापनेनंतर बासष्ट वर्षांनी. आजही एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली शेकडो कॉलेजं असतात. छापील पदवी सारखी, बाजारातलं वजन मात्र कॉलेजागणिक वेगळं.

दुसरी गोष्ट, नाव दोन प्रकारचं असतं: गल्लीतलं आणि धंद्यातलं. १९३३ साली मुंबई विद्यापीठानं रासायनिक तंत्रज्ञानाचा एक विभाग काढला. 'यूडीसीटी' या चार अक्षरांनी तो ओळखला जाऊ लागला. रघुनाथ माशेलकर तिथले, मुकेश अंबानीही तिथलेच. २००८ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि तो 'आयसीटी' झाला. माटुंग्याच्या या संस्थेचं नाव आजीनं ऐकलेलं नसेल. पण रंग, औषधं, रसायनं बनवणाऱ्या कारखान्यात ते नाव घ्या, समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसतो. हे धंद्यातलं नाव.

गल्लीतल्या नावाची गंमत अमेरिकेत एकदा उघडी पडली. मिशिगन राज्याचे माजी सरन्यायाधीश थॉमस ब्रेनन यांनी शंभरेक वकिलांना दहा लॉ स्कूलची यादी दिली आणि दर्जाप्रमाणे क्रम लावायला सांगितलं. वकिलांनी पेन स्टेट विद्यापीठाच्या लॉ स्कूलला मधला क्रमांक दिला. तेव्हा पेन स्टेटला लॉ स्कूलच नव्हतं! नाव कानावरून गेलेलं होतं, तेवढ्यावर गुण पडले. धंद्यातल्या माणसांचीही अशी गत होत असेल, तर "नाव ऐकलंय" याला पुरावा मानताना सावध राहिलेलं बरं.

२. पेटी न फोडता आंबा घेताना

एप्रिलमध्ये मार्केट यार्डात जा. पेंढ्यात बसवलेल्या हापूसच्या पेट्या रचलेल्या असतात. विक्रेता फार तर एक आंबा कापून फोड हातावर ठेवतो. बाकीची पेटी आपण घेतो ती वरच्या नावाच्या भरवशावर. 'देवगड' किंवा 'रत्नागिरी' लिहिलं की चार पैसे जास्त मोजतो. म्हणूनच त्या नावाच्या पेटीत कर्नाटकातला आंबा भरायचा मोह होतो, आणि म्हणूनच २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन घ्यावं लागलं. आत काय आहे हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. अशा बाजारात नावाला भाव येतो.

नोकरीचा बाजार हुबेहूब असाच आहे. समोर बसलेली मुलगी किती मेहनती, किती हुशार हे तिला ठाऊक. कंपनीला अर्ध्या तासाच्या मुलाखतीत काय कळणार? मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञानं १९७३ साली ही कल्पना नीट मांडली. त्यानं मुद्दाम टोकाचं गृहीत धरलं: समजा, शिक्षणानं माणसाचं कौशल्य काडीभरही वाढत नाही. तरीही पदवीला पगार मिळेल. कारण ज्याच्यात चिकाटी आहे त्याला ती पदवी मिळवणं सोपं जातं, ज्याच्यात नाही त्याला जड जातं. पदवी ही खूण ठरते. अशा अर्धवट माहितीच्या बाजारांचा उलगडा केल्याबद्दल २००१ साली स्पेन्सला जॉर्ज अॅकरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत नोबेल मिळालं.

आता कंपनीच्या खुर्चीत बसून पाहा. मनुष्यबळ विभागातली दोन माणसं, हाताशी तीन आठवडे, राज्यात इंजिनिअरिंगची शेकडो कॉलेजं. सगळीकडे जाणं अशक्य. मग ती दहा-पंधरा नावं निवडतात आणि तिथेच कॅम्पस मुलाखती घेतात. सोळाव्या कॉलेजातला हुशार मुलगा नापास झालेला नसतो. त्याला कुणी पाहिलेलंच नसतं. नावाचं पहिलं आणि सगळ्यात खरं काम हेच: पाहणाऱ्याची पायपीट वाचवणं.

३. फोटो कुणाचे, शिकवलं कुणी?

निकालाच्या दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र आठवा. कोचिंग क्लासची पानभर जाहिरात, त्यात ओळीनं टॉपर्सचे फोटो. पण त्या क्लासच्या खास बॅचला प्रवेश परीक्षा असते. नव्वदच्या वरचे तेवढेच घ्यायचे आणि दोन वर्षांनी त्यांच्या पंच्याण्णव टक्क्यांचं श्रेय घ्यायचं. कॉलेजांचंही असंच असू शकतं. एक छोटा हिशेब मांडू. आकडे कल्पित आहेत.

'अ' कॉलेजात येणाऱ्या मुलांची सरासरी ९०, बाहेर पडताना ९३.
'ब' कॉलेजात येणाऱ्यांची सरासरी ६०, बाहेर पडताना ७२.

नाव 'अ'चं होणार, कारण ९३ मोठे दिसतात. पण 'अ'नं भर घातली तीन गुणांची, 'ब'नं बारा गुणांची. पहिली गोष्ट निवड, दुसरी शिकवण. नावात या दोन्हींची सरमिसळ असते आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती वेगळी करता येत नाही.

अभ्यासकांनी ती वेगळी करायची युक्ती शोधली. स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर यांनी १९७६ साली अमेरिकेत कॉलेजात गेलेल्या मुलांची पुढची कमाई तपासली आणि २००२ साली निष्कर्ष छापले. त्यांनी तुलना केली ती सारखीच गुणवत्ता असलेल्या, सारख्याच कॉलेजांत अर्ज केलेल्या आणि सारखेच होकार-नकार मिळालेल्या मुलांची. त्यांतले काही मोठ्या नावाच्या कॉलेजात गेले, काही साध्या कॉलेजात. बऱ्याच वर्षांनी पाहिलं तर दोघांची कमाई साधारण सारखीच होती. गमतीची गोष्ट अशी की, ज्या मोठ्या कॉलेजानं नकार दिला तिथे नुसता अर्ज करण्याची हिंमत केलेली मुलंही पुढे चांगलं कमावत होती. म्हणजे पाणी मुलांतच होतं. कॉलेजनं ते ओळखलं, एवढंच.

मग नाव बिनकामाचं का? थांबा. आपल्या देशातला एक अभ्यास वेगळीच बाजू दाखवतो. शीतल सेखरी यांनी नावाजलेल्या सरकारी कॉलेजांच्या कट-ऑफवरची मुलं पाहिली: एखाद-दुसऱ्या गुणानं आत गेलेली आणि तेवढ्याच गुणानं बाहेर राहिलेली. या दोघांत हुशारीचा फरक नगण्य. शेवटच्या परीक्षेत दोघांचे गुण सारखेच आले, म्हणजे नावाजलेल्या कॉलेजनं जास्त काही शिकवलं असं दिसलं नाही. पगार मात्र नावाच्या कॉलेजवाल्यांना जास्त मिळाला. आंबा तोच, पेटीवरच्या नावानं भाव वाढला.

दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले की एक गोष्ट स्पष्ट होते. नावाची कमाई होते ती बहुतेक वर्गाबाहेर. जिथे माणूस पारखायची इतर साधनं कमी, तिथे ती जास्त होते.

४. ज्याच्या घरी ओळख नाही, त्याला

डेल आणि क्रूगर यांच्या निष्कर्षाला एक महत्त्वाचा अपवाद होता. गरीब घरातल्या मुलांना मोठ्या नावाच्या कॉलेजचा ठळक फायदा झाला. नंतरच्या पाहणीत कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी वंशाच्या आणि कमी शिकलेल्या आईबापांच्या मुलांबाबतही तसंच आढळलं. कारण समजायला अवघड नाही. डॉक्टरच्या किंवा कारखानदाराच्या मुलाला सल्ला द्यायला काका असतो, शब्द टाकायला वडिलांचा मित्र असतो. ज्याच्या घरी शिकलेली पहिली पिढी तोच आहे, त्याला हे सगळं कॉलेजातूनच मिळवावं लागतं. हॉस्टेलचा रूममेट, दोन वर्षं पुढचा सीनिअर, परदेशी अर्जासाठी शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापक: ही त्याची नातीगोती.

२०२३ साली राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी हार्वर्ड, येल यांसारख्या बारा अतिनामांकित संस्थांच्या प्रतीक्षायादीवरची मुलं तपासली. तिथे शिकल्यानं सरासरी कमाई फारशी वाढत नाही, हे त्यांनाही दिसलं. पण सगळ्यात श्रीमंत एक टक्क्यात पोचण्याची शक्यता सुमारे दीडपट होते, आणि प्रतिष्ठित कंपनीत लागण्याची तिप्पट. चांगल्या पगाराची नोकरी दोन्हीकडून मिळते. अगदी वरच्या मजल्याचा जिना मात्र काही ठरावीक इमारतींतूनच निघतो.

पण नावाची खूण वाचायची समोरच्याची तयारी हवी, हेही विसरू नये. भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टनमधून पदवी घेऊन १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला शिकले. १९१७ साली ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा त्यांच्याइतकं शिकलेली माणसं त्या शहरात किती असतील? तरी त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी सरायेत राहिले, आणि जात कळताच तिथूनही त्यांना बाहेर काढलं गेलं. जगातल्या मोठ्या विद्यापीठाची खूण तिथे कुणी वाचलीच नाही. लोकांनी वाचली ती जात. नाव दार उघडतं, पण दार उघडायचं नाही असं आतल्यांनी ठरवलं असेल तर कुठलंही नाव पुरत नाही.

५. क्रमवारी नावाच्या फूटपट्टीनं नावच मोजते

"एनआयआरएफमध्ये कितवं आहे?" हा आता टेबलावरचा नेहमीचा प्रश्न. केंद्र सरकारची ही क्रमवारी २०१६ साली पहिल्यांदा आली. तिच्या शंभर गुणांत दहा गुण 'लोकांचं मत' यासाठी असतात. क्यूएस या जागतिक यादीत तर प्राध्यापकांच्या मताला ३० आणि नोकरी देणाऱ्यांच्या मताला १५ गुण आहेत. म्हणजे जवळजवळ निम्मी क्रमवारी नावलौकिकावरच ठरते. २००३ साली सुरू झालेली शांघायची यादी मतं विचारत नाही, पण नोबेल आणि फील्ड्स पदकं मिळवलेले माजी विद्यार्थी आणि अध्यापक यांना ३० गुण देते. शंभर वर्षांपूर्वीच्या नोबेलवाल्यामुळे यंदाचा फर्स्ट इयरचा वर्ग चांगला शिकवला जाईल, असं काही नाही.

दहाच गुणांनी काय होतं, तेही कल्पित आकड्यांत पाहू. 'क' संस्थेला प्रत्यक्ष कामाचे ९० पैकी ६३ आणि मतांचे १० पैकी ८, एकूण ७१. 'ख' संस्थेला कामाचे ६६ आणि मतांचे २, एकूण ६८. काम 'ख'चं सरस, क्रमांक 'क'चा वरचा. पुढच्या वर्षी मत देणारा काय पाहून मत देणार? याच वर्षीची यादी. वरचा वर राहतो, खालचा खाली.

माहिती संस्थाच पुरवत असल्यानं आकड्यांची भानगडही होते. २०२२ साली कोलंबिया विद्यापीठाच्याच गणिताच्या प्राध्यापकानं, मायकेल थॅडियस यांनी, विद्यापीठानं 'यूएस न्यूज'च्या क्रमवारीसाठी दिलेल्या आकड्यांवर जाहीर शंका घेतली. विद्यापीठाला चुका मान्य कराव्या लागल्या आणि त्याच वर्षी कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आलं. वर्गातलं शिकवणं एका वर्षात सोळा पायऱ्या खाली गेलं होतं का? ते होतं तसंच होतं.

तरी यादीला हसून चालत नाही, कारण काही ठिकाणी तिला कायद्याचं बळ असतं. २०२२ साली ब्रिटननं एक नवा व्हिसा सुरू केला. जागतिक याद्यांत पहिल्या पन्नासांत येणाऱ्या विद्यापीठांच्या पदवीधरांना नोकरी हातात नसतानाही दोन वर्षं येऊन राहता येईल, असा तेव्हाचा नियम होता. पहिल्या यादीत एकही भारतीय संस्था नव्हती. आयआयटी मुंबईही नाही.

६. नाव कुठे चालतं आणि किती दिवस?

एमपीएससी आणि यूपीएससीला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कुठलीही पदवी चालते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत शेजारी बसलेल्या दोघांपैकी एक नामांकित कॉलेजचा, दुसरा तालुक्याच्या गावचा, पेपर एकच. सीएचंही तसंच: परीक्षा संस्थेची, कॉलेज कुठलंही. गावात दवाखाना टाकलेल्या डॉक्टरला कुणी "एमबीबीएस कुठून केलंत?" असं विचारत नाही, हाताला गुण आहे की नाही, एवढंच विचारतात. जिथे सगळ्यांना एकच बाहेरची परीक्षा किंवा परवाना असतो, किंवा गिऱ्हाइकाला काम डोळ्यांनी दिसतं, तिथे कॉलेजच्या नावाची गरज उरत नाही.

याच्या उलट टोकाला आहे प्राध्यापकी. अमेरिकेतल्या विद्यापीठांत, तिथेच पीएचडी केलेल्या प्राध्यापकांपैकी ८० टक्के लोक सुमारे २० टक्के विद्यापीठांतून आलेले आहेत, असं २०२२ सालच्या एका मोठ्या पाहणीत दिसलं. बड्या सल्लागार कंपन्या, गुंतवणूक बँका यांचाही हाच खाक्या. काम डोळ्यांना लवकर दिसत नाही, मग ते नाव पाहतात.

आणि वेळ? बायोडेटा काढून बघा. पहिल्या नोकरीच्या वेळी कॉलेज सगळ्यात वर असतं. दुसऱ्या नोकरीला ते खाली सरकतं, कारण वरची जागा पहिल्या नोकरीतल्या कामानं घेतलेली असते. दहा वर्षांनी ते शेवटच्या ओळीत जातं. पेटी घरी येईपर्यंत नावाला महत्त्व. आंबा कापला की जीभ ठरवते.

७. आता फॉर्म भरू

तीन प्रश्न विचारा.

पहिला, हे नाव कुणाला ठाऊक आहे? नातेवाइकांना, की ज्या धंद्यात जायचंय तिथल्या माणसांना? गल्लीतल्या नावाचा उपयोग लग्नाच्या बायोडेटापुरता.

दुसरा, नावाची किंमत किती आणि परतफेड किती? आणखी एक कल्पित हिशेब. नावाच्या खासगी कॉलेजात फी आणि हॉस्टेल धरून चार वर्षांत आठ लाख जास्त जाणार. नावामुळे पहिल्या वर्षी पगार एक लाखानं जास्त मिळाला, दुसऱ्या वर्षी फरक पाऊण लाखावर आला, मग पन्नास हजार, मग पंचवीस हजार, मग शून्य. बेरीज अडीच लाख. कर्जाचं व्याज अजून धरलेलंच नाही. हेच नाव सरकारी कॉलेजच्या फीमध्ये मिळत असेल तर हिशेब उलटा होतो.

तिसरा, या मुलाच्या घरी दुसरी काही ओळख आहे का? नसेल तर नावाच्या पारड्यात दोन वजनं जास्त टाका. असेल तर दोन काढून घ्या.

आणि शाखेचं काय? चार वर्षं रोज सकाळी उठून जे शिकायचंय ते आवडत नसेल, तर मोठ्या नावाच्या कॉलेजातही वर्गात मागेच पडायला होतं, आणि कंपन्या आल्या तरी आधी गुणांची अट लावतात. नाव आणि आवड दोन्ही मिळत असेल तर विचारायलाच नको. नाव फुकट किंवा थोडक्यात मिळत असेल तर जरूर घ्या. पण नावासाठी शाखा सोडायची असेल किंवा घर गहाण टाकायचं असेल, तर आधी एक दिवस खर्च करा. ज्या विभागात मूल शिकणार आहे तिथे जा. प्रयोगशाळा उघडी आहे की कुलूपबंद ते बघा. शेवटच्या वर्षाच्या पोरांना चहाच्या टपरीवर गाठा आणि विचारा, "शिकवतात का रे?" मार्केट यार्डात फोड चाखल्याशिवाय आपण आंब्याची पेटी उचलत नाही, चार वर्षं आणि काही लाख रुपये देतानाही तेवढं करायला हरकत नसावी.